आकडा आणि हिशेब

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहितोय ते एका चुकीबद्दल, आणि चूक माझीच आहे.

माझं आजोळ मोताळ्याचं. मलकापूरला रेल्वेतून उतरायचं, बुलढाण्याकडे जाणारी एस.टी. धरायची, की आलंच. मामाची कपाशी आहे. वेचणीला येणाऱ्या बायकांचा हिशेब मामा वर्षानुवर्षं वहीत ठेवत आला: नाव, किलो, भाव, मजुरी. मी पडलो पुण्यात वेबसाइटी बनवणारा. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा दोन रात्री बसून त्याच्या फोनवर चालेल असं एक छोटं पान बनवून दिलं. किलो भरले की मजुरी आपोआप दिसायची. मामा खूश, मी त्याहून खूश!

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या आठवड्यात पैसे वाटताना एक मावशी पैसे मोजून तिथेच उभी राहिली. "भाऊ, माहा कापूस मागच्या हप्त्यापेक्षा जास्त भरला न, मंग पैसे तेवढेच काहून?"

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. पण आपण किती गाठोडी काट्यावर टाकली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पानावर किलो बरोबर होते, २४५. भाव बरोबर होता, १० रुपये. आणि मजुरी? २१०० रुपये. मागच्या आठवड्यात २१० किलो होते, त्याची! सरळ ३५० रुपये कमी.

झालं होतं असं. जावास्क्रिप्टमध्ये एखाद्या ऑब्जेक्टला 'गेटर' लावता येतो. म्हणजे मजुरी हा साठवलेला आकडा नसतो. कुणी विचारलं की त्या क्षणी किलो गुणिले भाव करून उत्तर मिळतं. बाहेरून मात्र तो इतर रकान्यांसारखाच दिसतो. नव्या आठवड्यासाठी नावं आणि भाव पुन्हा भरायला नकोत म्हणून मी जुन्या नोंदीची नक्कल करत होतो. त्यासाठी तीन टिंबांची सोपी सोय आहे, भाषेच्या प्रमाणात २०१८ साली आलेली. २०१५ साली आलेलं 'ऑब्जेक्ट.असाइन'ही तसंच वागतं. दोन्ही नक्कल करताना गेटरला विचारतात, "तुझं उत्तर काय?" आणि मिळालेलं उत्तर नव्या ऑब्जेक्टमध्ये साधा आकडा म्हणून लिहून टाकतात. गुणाकार मागेच राहतो. मग किलो कितीही बदला, मजुरी जागची हलत नाही. एक्सेलमध्ये सूत्राऐवजी नुसती किंमत चिकटवली की होतं ना, अगदी तसंच. फोनमध्ये साठवण्यासाठी मी नोंदीचं जेसन करत होतो, तिथेही हेच. म्हणजे एकच चूक दोन ठिकाणी.

गंमत म्हणजे गेटर क्लासमध्ये लिहिला असता तर तीन टिंबांनी तो नकलेत आलाच नसता. मजुरीची जागा रिकामी दिसली असती आणि मी पहिल्याच दिवशी सावध झालो असतो. रिकामी जागा ओरडून सांगते. चुकीचा आकडा गप्प बसतो.

मामाला हे कसं समजावणार? पण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे तुनं आकडा उतरोला, हिसाब नाही उतरोला." इतकं सोपं मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

उपाय आहेत. गेटरसकट नक्कल हवी असेल तर 'गेट-ओन-प्रॉपर्टी-डिस्क्रिप्टर्स'नं रकान्यांचं वर्णनच उचलायचं आणि 'डिफाइन-प्रॉपर्टीज'नं नव्या ऑब्जेक्टवर मांडायचं. मी त्याहून साधं केलं. नोंदीत फक्त मोजलेलं ठेवलं, किलो आणि भाव. मजुरी काढायला वेगळं फंक्शन लिहिलं.

तेवढ्यात मामानं आणखी एक पेच घातला. "पुढं भाव वाढोला तं मागच्या हप्त्याची मजुरीबी बदलन का?" हे मात्र मला सुचलंच नव्हतं. द्यायची मजुरी हा हिशेब असतो, पण दिलेली मजुरी ही घडून गेलेली गोष्ट. ती गोठलेलीच हवी. मामाच्या वहीत 'दिले' असा वेगळा रकाना होता. मीच तो फालतू समजून गाळला होता!

ज्यांना कमी गेले होते त्यांना त्याच संध्याकाळी पैसे पोचवले, माझ्या खिशातून. ज्यांना जास्त गेले, त्यांच्याकडे मामानं परत मागितले नाहीत. "चूक आपली," एवढंच म्हणाला.

नक्कल करायलाही अक्कल लागते, असं शाळेत गुरुजी म्हणायचे. तेव्हा तो टोमणा वाटायचा. आता नोंदीची नक्कल करताना दर वेळी थांबतो, आणि स्वतःला विचारतो की यातलं काय मोजलेलं आहे, काय काढलेलं आहे आणि काय देऊन झालेलं आहे.

असो. पान आता नीट चालतंय. मामा वहीही ठेवतो. मी काही म्हणत नाही.