दोन्ही अंगांचा काठ

घर बांधून पुरे झाले, भिंतींना रंग लागला, दारे-खिडक्या आपापल्या चौकटींत बसल्या, वास्तुशांतीला आलेली माणसे जेवून परतली, आणि तरीही पुढे कित्येक महिने ते घर आमचे वाटेना. पडद्यांसाठी दुकाने पालथी घालून आणलेले कापडाचे तुकडे मी खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाही, आणि तुकडा कितीही सुंदर असला तरी या घरातल्या माणसांशी तो काहीच नाते सांगत नाही असे जाणवून पुन्हा पिशवीत घाली. अशाच एका दुपारी आईने ती पिशवी मुकाट्याने बाजूला सारली आणि जुन्या शिसवी पेटीतून एक गोधडी काढून माझ्यापुढे पसरली. ती गोधडी आजीच्या नऊवारी महेश्वरी लुगड्याची होती. धुऊन धुऊन लुगड्याचे अंग विरले होते, मूळचा गुलबक्षी रंग जेमतेम ओळखू येत होता. पण काठ शाबूत होता, आणि त्या काठावर लहान लहान आयतांची, एकाच्या सांध्यावर दुसरा बसवलेली, न तुटणारी ओळ होती. "ही वीट," आई म्हणाली, "महेश्वरच्या किल्ल्याची. सासूबाई सांगायच्या."

आजी महेश्वरला कधी गेली नव्हती आणि आईही गेली नव्हती. न पाहिलेल्या किल्ल्याची वीट आमच्या घरात दोन पिढ्या अंगावर पांघरली जात होती, ही गोष्ट मला त्या दिवशी इतकी लागली की पंधरवड्याच्या आत आई आणि मी इंदूरच्या गाडीत बसलो. आईने त्या काठाचा वीतभर तुकडा गोधडीपासून उसवून रुमालात बांधून घेतला होता.

इंदुराहून महू, तेथून मानपूर, आणि मानपूरनंतर विंध्याचा घाट. वर माळव्याचे पठार, आणि घाट उतरताच निमाडची सखल, तप्त, काळ्या मातीची भूमी, जिथे दोहो बाजूंस कापूस फुटून पांढरा झालेला असतो. आमची मोटार धामनोदला आग्रा रस्ता सोडून वळली तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. गाडीत फारशी न बोललेली आई तो फुटलेला कापूस पाहून एवढेच म्हणाली, की सूत इथलेच असेल तर मग लुगडे एवढे मऊ असण्यात नवल नाही.

महेश्वराला माहिष्मती म्हणून पुराणांत प्रतिष्ठा आहे, सहस्रार्जुनाचे नाव या गावाशी जोडलेले आहे आणि राजराजेश्वराच्या देवळात तुपाचे अकरा नंदादीप आजही अखंड तेवत असतात. परंतु मराठी माणूस या गावात पाऊल टाकतो तो एकाच नावासाठी. चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गमावले, १७६६ मध्ये ज्यांनी कारभाराचे धडे दिले ते सासरे मल्हारराव गेले, लगेच पुढल्या वर्षी पुत्र मालेराव गेला. आणि अशा तऱ्हेने सर्व बाजूंनी रित्या झालेल्या घरातून उठून त्या बाईंनी फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन दौलतीचा मुलकी कारभार स्वतःच्या हाती घेतला, नर्मदेच्या उत्तर तीरावरचे हे महेश्वर आपल्या वास्तव्यासाठी निवडले, आणि १७९५ साली देह ठेवीपर्यंत येथूनच राज्य केले. काशीविश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद ही त्यांची कामे सर्वांना ठाऊक आहेत. त्यामागची एक बाब मात्र मला अधिक मोलाची वाटते. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर दिली होती आणि तिचा वसूल सरकारी दौलतीपासून अलग राखला जाई. अहिल्याबाईंचा दानधर्म या खासगीतून होत असे. सरकारी जमाखर्चाची वही आणि घरच्या बाईची वही यांत त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही.

किल्ल्याच्या आत त्यांचा वाडा आहे. राजवाडा म्हटल्यावर मनात जे उभे राहते त्याचा येथे मागमूस नाही. उतरत्या छपराखाली लाकडी खांबांची ओसरी, मध्ये मोकळा चौक, भिंतींत कोनाडे, आणि ओसरीच्या एका अंगास पांढरी खोळ घातलेली गादी. पुणे-सातारा भागातील एखाद्या बेताच्या इनामदाराचा वाडा याहून थोरला असेल. आई त्या ओसरीच्या कडेला बराच वेळ बसून राहिली. खांबांमधले अंतर, छपराची उतरण, चौकातून आत येणारा उजेड हे सगळे ती हाताने जणू मोजत होती. "इथे बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा दिसतो," ती म्हणाली, "आणि येणाऱ्यालाही बसलेला दिसतो." आमच्या नव्या घरात दिवाणखाना भरपूर मोठा काढला होता, पण अशी, बाहेरची म्हणता येईल आणि आतलीही म्हणता येईल अशी जागा आम्ही ठेवली नव्हती, हे माझ्या ध्यानात तेव्हा आले.

कंपनी सरकारचा अधिकारी सर जॉन माल्कम याने अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर माळव्यात फिरून, त्यांना पाहिलेल्या माणसांच्या तोंडून माहिती गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नमूद केली. वैधव्यानंतर त्यांनी रंगीत वस्त्र अंगाला लावले नाही, शुभ्र वस्त्रेच नेसली, हे त्यानेही लिहून ठेवले आहे. आणि याच बाईंनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सुरत, बुऱ्हाणपूर आदी ठिकाणांहून विणकर आणवून, त्यांना घरे देऊन, दरबारी पाहुण्यांना व आप्तेष्टांना अहेर करण्यासाठी महेश्वरात माग बसवले. डाळिंबी, आमरसी, गुलबक्षी असे सगळे रंग त्यांच्या आश्रयाने या गावात विणले गेले, ते सर्व दुसऱ्यांच्या अंगासाठी. मी हे आईला सांगितले तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की सासूबाईंनीही मामंजी गेल्यावर ते लुगडे घडी करून पेटीच्या तळाशी ठेवले, ते पुढे तुझ्या जन्मानंतर गोधडीसाठीच बाहेर आले.

संध्याकाळी घाटावर उतरलो. किल्ल्याची तटबंदी थेट पाण्यात पाय सोडून बसली आहे, आणि तिच्या अंगावरून रुंद पायऱ्यांचा ओघ नर्मदेपर्यंत येतो. समोर पात्राच्या मध्यावर बाणेश्वराचे लहानसे देऊळ. मी अनेक नद्यांचे घाट पाहिले आहेत, पण दगड आणि पाणी यांच्यामध्ये इतके सख्य मला दुसरीकडे आढळलेले नाही. देवळांच्या जोत्यांवर, कमानींच्या कडांवर, झरोक्यांच्या चौकटींवर कोरलेल्या पट्ट्या आहेत: कुठे चौकटीत चौकट, कुठे फूल, कुठे एकात एक गुंतलेल्या तिरप्या रेघांची चटई, कुठे नुसती लाट. आईने रुमाल सोडला, तो वीतभर काठ तटाच्या दगडावर पसरला, आणि एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या मध्यावर येईल अशा बेताने रचलेल्या त्या चिऱ्यांकडे व त्या काठाकडे ती आळीपाळीने पाहू लागली. वीट म्हणजे मातीची वीट नव्हे. ती होती गवंड्याची रचना. रोज सकाळी या घाटावर स्नानाला, पाण्याला उतरणाऱ्या विणकराच्या डोळ्यांत जे सतत होते तेच त्याच्या हातांतून मागावर उतरले. त्यासाठी त्याला दूरदेशीच्या नमुन्यांची वही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही विणकरांच्या वस्तीत गेलो. येथील पुष्कळ विणकर अन्सारी आहेत. रस्त्यापर्यंत मागांचा खटखटाट ऐकू येतो, आणि दारातून आत पाहिले की अर्धी खोली मागाने व्यापलेली, उरलेल्या अर्ध्या खोलीत चूल, पाळणा, धान्याची कोठी आणि कांड्या भरत बसलेली म्हातारी. संसार आणि धंदा यांच्यामध्ये भिंत नाही. धोटा इकडून तिकडे जाई त्या तालावर पाळण्यातले मूल झोपले होते, आणि माग थांबला की ते चाळवे, म्हणून सून आम्हांशी बोलतानाही हात थांबवत नव्हती.

आईचे हिंदी मोडके आणि त्या म्हातारीची निमाडी आम्हांला अर्धवट कळणारी, पण आईने तुकडा पुढे करताच म्हातारीने तो बोटांत चोळला आणि एक शब्द उच्चारला: "गुलबक्षी." मग तिने आतून सुताच्या लडी आणल्या आणि एकेक उचलून नावे सांगू लागली: अंगुरी, दालिंबी, जामला, तपकीर, आमरसी. आई प्रत्येक नावापाठोपाठ तेच नाव आपल्या उच्चाराने म्हणे, आणि दोघी हसत. होळकरशाहीचा अंमल १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने आकसला, राजधानी इंदुरास गेली, दरबारची गिऱ्हाइकी सुटली. पण रंगांना मराठी घरांतून मिळालेली नावे त्या लडींवर अजून टिकून होती. कुठल्याही दप्तरात मला महेश्वर आणि महाराष्ट्र यांच्या संबंधाचा याहून जिवंत पुरावा सापडला नसता.

सूनबाईने कापडाची जात समजावून दिली. पूर्वीचे महेश्वरी निव्वळ सुती असे. पुढे ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत घालू लागले, त्यामुळे वजन हलके राहून झळाळी आली, आणि आज बहुतेक माल तसाच निघतो. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे, ही जुनी खूण. काठाच्या नक्षींची नावे तिने बोटांवर मोजली: इंट, हिरा, चटाई, चमेली, रुईफूल, लहर. मध्यंतरी हा धंदा अगदी मोडकळीस आला होता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी नर्मदेच्या रेवा या नावावरून 'रेहवा' ही संस्था काढली आणि गावातल्या स्त्रियांना मागावर बसवले, त्यानंतर या धंद्याने पुन्हा अंग धरले.

मग तिने आमचा तुकडा उलटा केला. मी इतकी वर्षे ती गोधडी पांघरली, पण काठ उलटून पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते, कारण खालचे अंग अस्तराला शिवलेले होते. नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच होती. कुठे गाठ नाही, सुटलेला धागा नाही. या काठाला येथे 'बुगडी' म्हणतात. कानातल्या दागिन्याचे नाव काठाला कसे, असे आईने विचारले, त्याचे उत्तर म्हातारीलाही देता आले नाही; पण या दुहेरी काठाचा उपयोग मात्र आईला कुणी सांगावा लागला नाही. लुगडे एकदा या अंगाने नेसायचे, एकदा त्या अंगाने, म्हणजे ते दोन्हीकडून सारखे झिजते आणि दुप्पट टिकते. आजी तसेच नेसे. ज्या घरात वर्षाला एकच चांगले लुगडे येई त्या घराचा हिशोब विणकराने विणतानाच केलेला होता.

पडद्याला काय हवे असते, हा विचार माझ्या मनात त्या क्षणी प्रथम आला. दुकानातल्या प्रत्येक पडद्याला एक चांगली बाजू असते आणि एक पाठ, आणि ती पाठ आपण रस्त्याकडे करतो.

वीट-काठाचे, अंगाला आमरसी, अशा कापडाची वर्दी आम्ही तिथल्या तिथे दिली. म्हातारीने लांबी-रुंदी विचारली. आईने खिडक्यांची मापे तोंडपाठ सांगितली, जी मला स्वतःला ठाऊक नव्हती. गुलबक्षीच का नको, असे मी तिला बाहेर पडल्यावर विचारले. "तो सासूबाईंचा," ती म्हणाली.

कापड दोन महिन्यांनी आले. आईने हातानेच दुमड घातली, कारण यंत्राच्या टाक्याला उलट-सुलट असते असे तिचे म्हणणे पडले. पडदे टांगून झाले तेव्हा सकाळचे ऊन खिडकीत आले होते, आणि आमरसी उजेड फरशीवर पसरला होता. मी तो पाहत उभी होते. आई खोलीत नव्हती. दार उघडून पाहिले तो ती अंगणापलीकडे, फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहून, डोळ्यांवर हात धरून खिडकीकडे पाहत होती.