८ सेकंदांचं चित्र काढून देणार का कुणी?

चित्रकार आणि ॲनिमेशनवाले मित्रहो, एक मदत हवी आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण गाठ जिवाशी आहे, म्हणून जाहीर लिहितोय.

थेरॅक-२५ हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने ६ रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. काही जण त्यातच गेले.

त्यातले दोन अपघात टेक्ससमधल्या टायलर गावातले, १९८६चे. यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालायची. एक काम ऑपरेटर काय टाइप करते ते बघायचं, दुसरं चुंबकं जागेवर आणायचं. चुंबकांना साधारण ८ सेकंद लागायचे. तिने एक्स-रेचं 'एक्स' दाबलं आणि त्या ८ सेकंदांत मागे जाऊन इलेक्ट्रॉनचं 'ई' केलं, तर पडद्यावर दुरुस्ती दिसायची, पण आतल्या दुसऱ्या कामाला ती कळायचीच नाही. हळू टाइप केलं तर काहीच व्हायचं नाही! पहिल्या अपघातानंतर कंपनी म्हणाली, जास्त मात्रा जाणं शक्यच नाही. तीन आठवड्यांनी दुसरा रुग्ण भाजला. शेवटी तिथले फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर आणि ती ऑपरेटर यांनी पुन्हा पुन्हा टाइप करून बिघाड हवा तेव्हा घडवून दाखवला.

माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येणारी मुलं विचारतात, "सर, यात चुकीची ओळ कुठली?" आता काय सांगणार? घोळ ओळी कुठल्या क्रमाने चालल्या त्यात आहे. तो क्रम दर वेळी बदलतो, कोड वाचून डोळ्यांना दिसत नाही.

रेल्वेने हे कोडं केव्हाच सोडवलंय. कंट्रोल ऑफिसचा चार्ट बघा. एका बाजूला स्टेशनं, दुसऱ्या बाजूला वेळ, प्रत्येक गाडी म्हणजे तिरकी रेघ. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांच्या रेघा स्टेशनातच छेदायला हव्यात. मधेच छेदल्या तर टक्कर. कोकण रेल्वेत क्रॉसिंगसाठी ताटकळतो ना आपण, ते याच रेघांपायी.

मला तसंच चित्र हवंय. वर टायपिंगची रेघ, खाली चुंबकांची, आणि टायपिंगचा वेग कमी-जास्त करायची सोय. दुरुस्ती दहाव्या सेकंदावरून पाचव्यावर सरकली की काय होतं, ते दिसलं पाहिजे. नुसत्या लाल-हिरव्यावर भिस्त नको, रंग न ओळखणारेही बघणार आहेत. कोड तयार आहे. चित्रकलेत मी शून्य.

तिकीट, रेशन, प्रवेश, बँक, सगळीकडे आता असेच प्रोग्रॅम चालतात. बिघडलं की खिडकीवर ठरलेलं उत्तर मिळतं, "सिस्टीममध्ये असं होऊच शकत नाही." टायलरमध्येही हेच ऐकवलं होतं. त्यावर वाद घालून भागत नाही, दाखवून द्यावं लागतं.

चित्र सगळ्यांना फुकट वापरता येईल, करणाऱ्याचं नाव त्यावर ठळक असेल. जमेल त्यांनी कळवा.