सोडणे आणि सोडून देणे

मुरबाडकडील एका विद्यार्थ्याने कोशात 'सोडणे' हा शब्द पाहून इंग्रजी निबंधात लिहिले, 'माय फादर गेव्ह मी अप अ‍ॅट स्कूल.' पहाटे उठून मुलास शहापुरास आणून सोडणाऱ्या बापाने त्याचा त्यागच केला, असा अर्थ झाला! वर्ग हसला, खेदाची गोष्ट ही की, मीही हसलो. मुलाने मान खाली घातली.

रात्री मनास टोचणी लागली. मराठीत तरी 'आणून सोडणे' व 'सोडून देणे' यांत केवढे अंतर! दुसऱ्या दिवशी त्याची क्षमा मागून मी हीच जोडी प्रथम फळ्यावर लिहिली. मग 'गिव्ह' म्हणजे देणे, 'गिव्ह अप' म्हणजे त्यागणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमणे.

बालमित्रहो, इंग्रजी क्रियापद त्याच्या सोबत्यासह, अखंड वाक्यातच पाठ करा. सोबती बदलला की अर्थ पालटतो.