भीमबेटका ते सांची : वाळूच्या दगडातील पायवाटा

आपल्या समाजातील माणूस सांचीला जातो तो बहुधा घाईत जातो. रात्रभर रेल्वेचा प्रवास, सकाळी गाडी, स्तूपाला वंदन, तोरणाखाली एक फोटो आणि दुपारी परतीची वाट. सांची पाहिली एवढे समाधान मिळते. पण ज्या डोंगररांगेत सांची उभी आहे, ती पाहायची राहून जाते. नागपूर किंवा मुंबईकडून इटारसीमार्गे भोपाळला जाणारी गाडी नर्मदेचा पूल ओलांडते, बुदनी-बरखेडाचा घाट चढते आणि ओबेदुल्लागंजकडे धावू लागते. त्या पट्ट्यात जंगलातून वर आलेले किल्ल्याच्या बुरुजासारखे खडक दिसतात. आपण तेव्हा डबे आवरण्यात नाहीतर मुलांना उठवण्यात गुंतलेले असतो. १९५७ साली विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी पुरातत्त्ववेत्त्याचे लक्ष मात्र गाडीतूनच या खडकांकडे गेले. ते पुढे तिथे पायी गेले आणि भीमबेटकाची चित्रे जगासमोर आली.

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतील तेवीस जणांची सहल आम्ही याच वाटेने नेली. त्यात नऊ महिला, सात मुले आणि साठी ओलांडलेले चौघे होते. या चौघांपैकी एक काका आयुष्यभर दगडखाणीत राबलेले. अक्षरओळख बेताची, पण दगड हातात घेतला की त्याची जात सांगणारे. त्यांच्यामुळे आम्हाला जे पाहता आले, ते एकट्या पुस्तकातून दिसले नसते.

भीमबेटका भोपाळच्या दक्षिणेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. महामार्ग सोडला की चढाचा रस्ता थेट टेकडीवर जातो. भोवती साग आणि तेंदूचे जंगल. हे रातापानीचे अभयारण्य. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला व वाकणकरांचे नाव देण्यात आले. गाडीतून उतरताच एका पाचवीतल्या मुलाने विचारले, "काका, बाबासाहेब इथं आले होते का? नावात भीम आहे ना!" सगळे हसले. त्याला सांगितले की हा भीम महाभारतातला. त्याची बैठक म्हणून भीमबैठका आणि त्याचे झाले भीमबेटका. परंतु महाभारत रचले जाण्याच्या कितीतरी आधी इथे माणसे राहत होती, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

इथे हेही सांगितले पाहिजे की सरकारी दप्तरात या जागेची नोंद वाकणकरांच्या आधी, १८८८ सालीच झाली होती. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती केली आणि माहिती दिली ती स्थानिक आदिवासींनी. त्या नोंदीत हे बौद्ध स्थळ म्हटले आहे. या टेकड्यांवर ब्राह्मी अक्षरे आहेत आणि परिसरात स्तूपही आहेत. 'शोध लागला' असे आपण म्हणतो तेव्हा ती जागा तेथील रहिवाशांना आधीपासून माहीत असते, एवढे ध्यानात ठेवावे.

टेकडीवरची पायवाट फरसबंद व सोपी आहे. पर्यटकांसाठी पंधरा शैलाश्रय खुले आहेत. एकूण परिसरात सातशेहून अधिक शैलाश्रय असून त्यांपैकी चारशेहून अधिकांत चित्रे आहेत. गुडघे दुखणाऱ्या आमच्या दोन आजी काठी टेकत, बसत-उठत सगळी फेरी करून आल्या.

सुरुवातीलाच एक प्रचंड कमान लागते. तिला सभागृह गुंफा म्हणतात. खडक आरपार पोखरला जाऊन बोगद्यासारखी वाट तयार झाली आहे; या तोंडाशी उभे राहिले की त्या तोंडाचा उजेड दिसतो. वर छत इतके उंच की आपोआप आवाज खाली येतो. आत एका उभ्या खडकावर वाटीएवढे खळगे केलेले आहेत. ते पाण्याने पडलेले नसून माणसाने दगडावर दगड ठोकून केले आहेत. मानवी हाताच्या अतिप्राचीन खुणांत त्यांची गणना होते. काकांनी हात न लावता नुसते वाकून पाहिले आणि म्हणाले, "हे एका दिवसाचं काम नाही. इथं कुणीतरी रोज येऊन बसत होतं."

मुलांनी विचारले, ही कमान केली कोणी? काकांनी खाली पडलेला एक तुकडा दाखवला. "आपल्याकडचा दगड काळा. तो ज्वालामुखीच्या रसाचा. घण मारला की ठिणगी उडते. हा वाळूचा दगड. बघा, थर दिसतात, चपातीच्या चवडीसारखे." शास्त्रही हेच सांगते. विंध्य पर्वतातील हा वालुकाश्म सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या वाळूपासून बनला. वाळूचे थर एकावर एक साचले, दबले आणि कणांमध्ये सिलिका मुरून घट्ट झाले. काही थर कणखर, काही ठिसूळ. पुढे जमीन वर आली. भेगांत पाणी शिरले, ऊन-थंडीने दगड फुगला-आकसला, ठिसूळ थर झडत गेले आणि कणखर थर छतासारखे पुढे राहिले. काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी झीज होऊन खडक आरपार झाला, तीच ही कमान. यात ना भीमाची गदा, ना कुणाचा चमत्कार. पाऊस, ऊन आणि वेळ एवढेच कारागीर.

याच गुंफेची आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडली. छताजवळ पानासारखी नक्षी असलेला एक ठसा होता. काही शास्त्रज्ञांनी २०२१ साली जाहीर केले की हा पन्नास कोटी वर्षांहूनही जुन्या, डिकिन्सोनिया नावाच्या जीवाचा अवशेष आहे. जगभर बातमी झाली. २०२३ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन पाहिले, तर ते मधमाशांच्या जुन्या पोळ्याचे उरलेले मेण निघाले. पहिल्या शास्त्रज्ञानेही ते मान्य केले. पुरावा बदलला की मत बदलायचे, यात कमीपणा नाही. मुलांना हे विज्ञानाच्या तासापेक्षा इथे लवकर कळले. आजही या खडकांवर आग्यामोहोळे असतात, म्हणून आरडाओरडा, धूर व अत्तर टाळावे.

पुढे चित्रे सुरू होतात. गेरूचा लाल आणि पांढरा हे मुख्य रंग. एका खडकावर इतकी जनावरे आहेत की त्याला प्राण्यांचा खडकच म्हणतात. हरणे, गवे, हत्ती, रानडुकरे. दुसरीकडे हातात हात गुंफून नाचणाऱ्या माणसांची रांग, मध काढणारे लोक, शिकारी. आणि त्यांच्यावरच हजारो वर्षांनंतर कोणीतरी काढलेले घोडेस्वार आणि तलवारी. जुन्यावर नवे, त्यावर आणखी नवे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी १९७० च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगातील दगडी हत्यारांचे थरावर थर निघाले. २००३ साली हे स्थळ जागतिक वारसा यादीत गेले. आमच्यातल्या एका ताई तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या. नाचाच्या रांगेपाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "यात राजा कोण ते दिसतच नाही."

फेरीच्या शेवटी कड्याशी थोडे थांबावे. खाली जंगलाचा हिरवा पसारा, मधूनमधून वर आलेले खडक आणि वाऱ्यावर येणारी रेल्वेची शिट्टी. कठड्यापलीकडे मुलांना जाऊ देऊ नये. वाळूच्या दगडाची कड दिसते मजबूत, पण थर सुटलेला असू शकतो.

भीमबेटकाहून भोपाळमार्गे सांची नव्वद किलोमीटरच्या आसपास. वाटेत रस्ता कर्कवृत्त ओलांडतो. तिथे फलक आहे, मुलांना उतरवून दाखवावा. आम्ही सांचीला मुक्काम केला आणि दुसऱ्या सकाळी आधी सतधाऱ्याला गेलो. सांचीच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवरचे हे ठिकाण. गर्दी नाही, फेरीवाला नाही. हलाली नदीच्या खोऱ्यावर झुकलेली टेकडी आणि तिच्यावर लहानमोठे स्तूप. मोठा स्तूप सुमारे तेरा मीटर उंच आहे. कडेला उभे राहिले की खाली नदीची दरी दिसते. भिक्खूंनी पावसाळ्यातला वास अशा जागी का केला, हे पायी आल्यावरच कळते. पाणी जवळ, गाव भिक्षेपुरते जवळ आणि गोंगाट दूर.

१८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांनी सतधारा आणि सांचीचे स्तूप खोदले. त्यांत सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांची नावे कोरलेल्या अस्थिमंजूषा मिळाल्या. पुढे हा ठेवा इंग्लंडला गेला. स्वातंत्र्यानंतर अस्थी भारतात परत आल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. सांचीला वंदन करून परतणाऱ्यांनी सतधाऱ्याची ही टेकडी एकदा तरी चढावी.

दुपारी सांचीची टेकडी. ही सुमारे तीनशे फूट उंच. महास्तूपाचा गाभा अशोककालीन विटांचा. पुढे त्यावर दगडाचे आवरण चढले. चारही तोरणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील, सातवाहन काळातील. काका दक्षिण तोरणाखाली उभे राहून सांधे न्याहाळत होते. "हे काम सुताराच्या डोक्याचं आहे. दगडाला लाकडासारखं बसवलंय," ते म्हणाले. अभ्यासकही हेच सांगतात. तोरणांची रचना लाकडी कामावरून घेतली आहे आणि दक्षिण तोरणावरील लेखात विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे कोरीव काम केल्याचे नोंदले आहे. त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचेही नाव आहे.

कठड्याच्या दगडांवर मात्र राजे नाहीत. तिथे शेकडो लहान दानलेख आहेत. कोणी विणकर, कोणी व्यापारी, कोणी गृहिणी, कोणाची आई, कितीतरी भिक्खुणी. एकेका दगडाचे दान आणि एकेका ओळीचे नाव. आमच्या महिला त्या ओळींवरून बोट न लावता नजर फिरवत होत्या. तेवढ्यात आमच्यातल्याच एका कॉलेजकुमाराने पायवाटेवरच्या एका खडकावर खिळ्याने नाव कोरायला घेतले. काकांनी त्याचा हात धरला.

"पोरा, दगडाला मलम नसतं."

"मग यांनी नावं कोरलीत ती चालतात?" मुलगा तोऱ्यात म्हणाला.

काका म्हणाले, "त्यांनी आधी दगड दिला, मग नाव लिहिलं. तू काय दिलंस?"

मुलाने खिळा खिशात टाकला. उरलेल्या दुपारी तोच म्हाताऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या उचलत होता.

सांचीला गेलेले बहुतेक लोक दुसरा स्तूप पाहत नाहीत, कारण तो पश्चिम उतारावर खाली आहे. जुन्या दगडी वाटेने उतरत जावे. वाटेत एकाच दगडात कोरलेले भले मोठे भिक्षापात्र लागते. दुसऱ्या स्तूपाला तोरणे नाहीत, पण त्याचा कठडा महास्तूपाच्या तोरणांहून जुना आहे. कमळे, हत्ती, घोडे, झाडे उथळ कोरलेली आहेत. कारागीर अजून दगडाशी ओळख करून घेत होता, हे त्यात दिसते. भीमबेटकाच्या चित्रापासून या कमळापर्यंत आणि इथून वरच्या तोरणापर्यंत, वाळूच्या दगडावर माणसाचा हात कसा सरावत गेला, ते दोन दिवसांच्या चालण्यात मुलांच्या डोळ्यांसमोरून जाते.

ज्या वाचकांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळ्यात हे खडक तव्यासारखे तापतात. राणी कमलापती किंवा भोपाळ स्थानकावर उतरून वीसेक जणांनी मिळून गाडी ठरवली तर माणशी खर्च आवाक्यात येतो. पायात चप्पलऐवजी बूट, डोक्याला रुमाल, प्रत्येकाजवळ पाणी हवे. डबा गुंफेत उघडू नये, माकडे येतात आणि उष्ट्याने चित्रांची जागा घाण होते. चित्रांना हात लावू नये, ओले फडके तर मुळीच नाही. आणि सहलीत एखादा गवंडी, सुतार, खाणकामगार असेल तर त्याला आग्रहाने पुढे चालायला सांगावे. मार्गदर्शक सनावळी सांगेल. दगड कसा फुटतो आणि कसा बसतो, ते आपल्याच घरातला माणूस सांगेल. आमची मुले आता त्या काकांना वस्तीत भेटली की दगड उचलून विचारतात, "काका, हा कुठला?"