वरची फळी

नागपंचमीची फुगडी सुटली की अंगण फिरायचं. आम्ही मुली मुद्दाम डोळे मिटून उभ्या राहायचो. जी आधी कोलमडेल तिला हसायचं. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांतलं पाणी आपण थांबलो तरी क्षणभर वाहतच राहतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक! भोवळ म्हणजे फुकटची मजा.

आईची भोवळ वेगळी होती. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की ती ओट्याची कड घट्ट धरायची. "पित्त चढलंय गं," म्हणत आलेपाकाची वडी तोंडात टाकायची. पुढेपुढे डबा मलाच काढायला सांगायची आणि मी कुरकुरत स्टुलावर चढायची.

५८व्या वर्षी एका पहाटे मी उजव्या कुशीवर वळले आणि पंख्यासकट छत गरगरलं. जेमतेम अर्धा मिनिट, पण पलंगाची कड सोडवेना. मग मानेचा एक्सरे, गळ्याला पट्टा, तीन आठवडे खांबासारखी ताठ मान. फरक शून्य.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. भाचीच्या वयाची मुलगी. तिनं माझी मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि मला झपकन उताणं निजवलं. "डोळे मिटू नका हं, काकू." माझी बुबुळं थरथरली म्हणे, आणि तिला नेमकं कळलं. कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून नळीत घरंगळले की मेंदूला खोटी वर्दी जाते. गोळीनं कण हलत नाहीत. डोकं ठराविक क्रमानं वळवत, प्रत्येक वळणावर थांबत, त्यांना माघारी न्यायचं. एप्ली नावाच्या अमेरिकन कानतज्ज्ञाची ही युक्ती. १९९२मध्ये त्याचा निबंध छापून येण्याआधी त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला हसण्यावारी नेलं होतं.

दोन खेपांत चक्कर गेली. धास्ती राहिली. मी भिंतीला हात लावून चालायची, हाक आली तर अख्ख्या अंगानं वळायची. मग अंगठ्यावर नजर रोखून मान "नाही, नाही" हलवायची, पावलाला पाऊल जोडून चालायचं, असा अभ्यास मिळाला. थोडं गरगरायचं. "गरगरू दे. टाळलंत तर मेंदू शिकणार कसा?" ती म्हणाली.

आई गेल्यावर स्वयंपाकघर मीच आवरलं होतं. वरच्या फळीवर तेव्हा नुसती धूळ होती. सगळे डबे तिनं कधीच खाली आणून ठेवले होते.