पटावरची गरिबी

१९९३ साली, आठवीत असताना, मी शासनाशी एकदा खोटे बोललो. वर्गशिक्षकांनी नेहमीप्रमाणे सांगितले, ‘ई.बी.सी.चे फॉर्म ज्यांना हवेत त्यांनी उभे राहावे.’ मी बसून राहिलो. वडील अडत दुकानात हिशेब लिहीत. त्यांचे उत्पन्न सवलतीच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली होते, आणि मागली तीन वर्षे मी तलाठ्याचा दाखला जोडून तो फॉर्म भरतही आलो होतो. पण मुलींना शिक्षण मोफतच होते. त्यामुळे उभे राहायचे ते आम्ही मुलग्यांनी, आणि पाहायचे ते साऱ्या वर्गाने. त्या वर्षी आईने दुधाचा रतीब निम्म्यावर आणून फी भरली. कारण मी सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. शाळेच्या कागदोपत्री मात्र एक गरीब विद्यार्थी कमी झाला.

ही जुनी गोष्ट पुन्हा वर आली ती जोनाथन कोझॉल यांचे ‘सॅव्हेज इनइक्वॉलिटीज’ हे १९९१ चे पुस्तक वाचताना. त्याच्या शेवटच्या प्रकरणात टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येते. तिथून मी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या मूळ निकालपत्राकडे गेलो. साहित्याच्या माणसाने निकालपत्रे वाचू नयेत असे काही नाही; पात्रे तिथेही असतात, फक्त ती आकड्यांत बोलतात.

तिथला ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. बहुधा एखाद्या गावापुरता किंवा शहराच्या एका भागापुरता, शाळांसाठी स्वतः मालमत्ता कर बसवणारा तो घटक. सॅन अँटोनिओत एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन घटक होते. एजवूडमधली बहुतेक मुले मेक्सिकन वंशाची. १९६७-६८ साली एजवूडचे रहिवासी शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर देत. अलामो हाइट्सचे ०.८५. तरीही जास्त दराने कर देणाऱ्या एजवूडच्या हाती राज्याच्या ठरलेल्या वाट्यावर दर मुलामागे स्वतःचे उरत २६ डॉलर, आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३. कारण घरेच स्वस्त. राज्याचा आणि केंद्राचा पैसा मिळवूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असा राहिला. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक न्यायालयात गेले. पाच विरुद्ध चार मतांनी हरले.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती पॉवेल यांचे. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने संरक्षिलेला मूलभूत हक्क नाही, हे त्यातले विधान सर्वत्र उद्धृत होते. मला अधिक बोचला तो दुसरा मुद्दा: या व्यवस्थेत अन्याय झालेला ‘गरिबांचा’ निश्चित असा वर्गच दाखवता येत नाही. म्हणजे गरीब कोण, हे आधी सिद्ध करा. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी याला कडाडून विरोध केला, तो भिन्नमतपत्रातच राहिला.

टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, राज्यघटनेच्या आधारे, ही व्यवस्था अवैध ठरवली. पुढे सूत्रे आली, सुधारली, पुन्हा न्यायालयात गेली. तो इतिहास मोठा आहे. त्यातला माझ्या कामाचा धागा एवढाच, की गरजू मुलासाठी अधिक पैसा द्यायचा तर गरज मोजायची कशाने? उत्तर मिळाले: दुपारच्या जेवणाने. कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. आणि जो या जेवणास पात्र तो शाळेच्या अनुदानापुरता गरीब. मोजपट्टी सोयीची होती. पण वरच्या वर्गांतली मुले फॉर्म आणून देत नाहीत, असे तिथल्या शाळांच्या ध्यानात आले. गरिबी वयाबरोबर कमी होते म्हणून नव्हे.

२०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना सगळ्याच मुलांना विनाफॉर्म जेवण देण्याची मुभा दिली. लाज गेली, आणि तिच्याबरोबर मोजपट्टीही गेली! टेक्सासने २०१९ पासून मुलाची वस्तीही पाहायला सुरुवात केली: तिथले उत्पन्न, प्रौढांचे शिक्षण, एकल पालकांची कुटुंबे, स्वतःच्या मालकीची घरे. यांवरून पाच पायऱ्या, आणि अनुदानाचा वाढीव भार ०.२२५ पासून ०.२७५ पर्यंत. यंत्रणा हुशार आहे, हे मान्य करायलाच हवे. परंतु मूल मुळात गरजू आहे हे ठरवायला कागद लागतोच; जिथे जेवणासाठी फॉर्म नको, तिथे तो अनुदानासाठी घरोघर पाठवला जातो. त्याच्या बदल्यात मुलाच्या ताटात काहीच वाढले जात नाही. शिवाय टेक्सासचा मूळ पैसा पटावर नव्हे, सरासरी दैनिक उपस्थितीवर ठरतो. आजारी पडणारे, घर सारखे बदलावे लागणारे मूल गैरहजर राहिले की शाळेचा वाटा घटतो. शिक्षकाचा पगार आणि विजेचे बिल तेवढेच राहते.

मी हे वाचत होतो त्याच आठवड्यात कार्यालयातून शिष्यवृत्तीचे अर्ज अपूर्ण असलेल्यांची यादी आली, वर्गात वाचून दाखवण्यासाठी. मी ती वाचली. सहा नावांपैकी पाच जणांनी हात वर केला. सहावा मुलगा तिसऱ्या बाकावर वहीत काही लिहीत होता. मी त्याचे नाव पुन्हा एकदा, जरा मोठ्याने घेतले.