आवाज कुठं अडला?

आवाज कमी येतोय म्हटलं की लोक सांगतात, व्हॉल्व्ह बदला. का कमी येतोय, ते कुणी सांगत नाही. ते आपणच शोधायचं असतं.

आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत एक पोरगा गिटार वाजवतो. त्याच्यासाठी मी घरीच व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधला. पुढं ईसीसी ८३, शेवटाला ईएल ८४ ची जोडी. ३०० व्होल्टवर ही जोडी १७ वॅट देते, असं कंपनीच्या तक्त्यात छापलंय. दोन वर्षं झकास चालला. मग जयंतीच्या आठ दिवस आधी पोरगा म्हणाला, "दादा, ढोलकीच्या वर आवाज निघत न्हाई. वाढवला की फाटतोय."

दुकानात नेला. मालकानं झाकणसुद्धा काढलं नाही. "दोन्ही व्हॉल्व्ह गेले. नवे घ्या. आणि हे तुमच्यातल्यांचं काम नव्हे." तुमच्यातल्या म्हणजे कुणाच्या, ते त्याला ठाऊक होतं, मलाही. पेटी उचलली, घरी आणली.

मित्रांनो, आधी मापायचं, मग बोलायचं. स्पीकर सोडवून ८ ओहमचा, २५ वॅटचा रेझिस्टर लावला. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर दिला. ५.६ व्होल्टच्या पुढं आकडा सरकेना. व्होल्टचा वर्ग, भागिले ओहम. जेमतेम ४ वॅट. १७ वॅटला ११.७ व्होल्ट हवेत.

एचटी मापली. ३०० भरली. इथं एक हात पाठीमागं ठेवायचा. हा करंट जीव घेतो. बंद केल्यावरही कंडेन्सरात तो राहतो, रेझिस्टर लावून उतरवायचा. मग दोन्ही ईएल ८४ ची ३ नंबरची पिन, म्हणजे कॅथोड. प्रत्येकाला २७० ओहमचा रेझिस्टर, दोन्हीकडं १० व्होल्टच्या आसपास. म्हणजे दोघंही सारखाच करंट घेत होते. कुणी मेलं नव्हतं.

मग २ नंबरची पिन, ग्रिड. एकावर सुराचे ९ व्होल्ट. दुसऱ्यावर जवळजवळ शून्य. सापडलं! ईसीसी ८३ सुराच्या दोन उलट बाजू करते, आणि एकेक कंडेन्सर एकेक बाजू त्या त्या व्हॉल्व्हला पोचवतो. त्यातला एक आतून तुटला होता. ०.१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा नवा लावला. रेझिस्टरवर ११.२ व्होल्ट. १५ वॅटच्या वर!

तो दुसरा व्हॉल्व्ह सगळा वेळ तापत होता. पहिल्याइतकाच जळत होता. त्याच्यापर्यंत सूरच पोचत नव्हता, आणि निकाल काय? तोच निकामी. शाळेत, कारखान्यात आपल्या पोरापोरींवर असाच निकाल लागताना मी पाहिलाय. त्यांच्यापर्यंत काय पोचलं, ते कुणी मापलं नाही.

म्हणून सांगतो, वस्तीच्या वाचनालयात पुस्तकांशेजारी एक मीटर ठेवा. तो कसा धरायचा, हे दोन पोरींना आणि दोन पोरांना शिकवा. पुढच्या वेळी दुकानदार काही बोलला, तर त्याच्यापुढं आकडा ठेवता येईल.